क्यूबाच्या पियानोची मुकी पट्टी

बॅगेत फेल्टचे सात तुकडे निघाले. सहाच असायला हवे होते, सातवा पियानोत. तोवर स्टेजवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मी पियानो ट्यूनर. मिरजेला हार्मोनियम दुरुस्त करायचो. शिक्षण सातवी, पण कान तयार. साउथहॅम्प्टनला चाळीस वर्षं हेच काम. पियानोत एका स्वराला दोन-तीन तारा असतात. एक लावताना बाकीच्या गप्प राहाव्यात म्हणून मध्ये फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा खोचायचा. काम झालं की सगळे तुकडे काढायचे. एकदा एक आत राहिला आणि प्रोग्रॅम बोंबलला. तेव्हापासून बायको रोज फोनवर विचारायची, "अहो, फेल्ट मोजलेत का?" ती जाऊन वर्ष होत आलं. आता माझं मीच विचारतो.

त्या दिवशीचा पाहुणा क्यूबाचा, रामोन. सत्तरीचा, स्वतःच्या चाली स्वतः वाजवणारा. दुपारी त्याने सांगितलं, हवानात आईचा पियानो खाऱ्या हवेने गंजलेला होता. मधली एक पट्टी मुकी, दाबली की नुसतं टक. नवी तार काही मिळेना. मग लहानग्या रामोनने ते टकच ठेक्यात घेतलं आणि आईसाठी चाल बांधली. अजून ती तशीच वाजवतो. त्यासाठी इंटरव्हलमध्ये मी ती पट्टी मुकी करायची होती.

केली. मग उतरलेल्या दोन तारा लावल्या. उठताना सवयीने तोंडून निघालं, फेल्ट मोजलेत का? मोजले. एक कमी. दिसला, उपटला. तो मुद्दाम ठेवलेला होता, हे बॅगेत सात दिसले तेव्हा कळलं.

स्टेज मॅनेजर केतकी, पुण्याची. तिला सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. "काका, तो बसलासुद्धा."

चाल सुरू झाली. डावा हात असा धावत होता की माझे दुखरे गुडघे ताल धरायला लागले. आणि ती पट्टी आली. टकच्या जागी खणखणीत स्वर. रामोन थांबला. त्याने तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा. कान खाली नेऊन ऐकली. मग त्या एका स्वराभोवती बोटं अशी काही नाचवली की लोक उभेच राहिले. मीही ओरडलो, या वयात.

विंगेत येऊन त्याने विचारलं, कोणी केलं हे?

"माझ्या बायकोने," मी म्हणालो.

"तिला सांगा, आईचा पियानो दुरुस्त झाला."

सांगतो म्हटलं. वर्षभरात तिच्यासाठी आलेला पहिलाच चांगला निरोप.

फेल्ट मोजणं सोडू नये. मुद्दाम ठेवलेला तेवढा कागदावर लिहावा. मी आता लिहितो.