मास्तरीणबाईंचं मनगट

शिवणाच्या दुकानात कापड बेतून कापायचं काम मास्तरीणबाईंचं आणि मशीनवर बसायचं त्यांच्या धाकट्या जावेचं. दोघींचे नवरे गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, दुकान असंच चाललं होतं. त्रेसष्टाव्या वर्षीही मास्तरीणबाई नुसत्या नजरेनं खांद्याचं माप सांगत. टेप लावून पाहिली, तरी फार तर सुताएवढा फरक निघे.

एका दुपारी जमिनीवरच्या अस्तराच्या तुकड्यावरून त्यांचा पाय सटकला. पडताना उजवा हात टेकला, एवढंच. पण मनगट वाकडं झालं आणि बघता बघता सुजून टम्म फुगलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं आणि किती उंचावरून पडलात म्हणून विचारलं. उभ्या होत्या तिथेच पडल्या, असं जावेनं सांगितलं. एवढ्याशा पडण्यानं धडधाकट हाड मोडत नाही, तेव्हा आणखी काही तपासण्या करू, असं त्या म्हणाल्या.

मास्तरीणबाईंना आई आठवली. तिचाही हात असाच, काही निमित्त नसताना मोडला होता. हाडातली गाठ कळेपर्यंत फार उशीर झाला होता. पुढचे चार दिवस मास्तरीणबाईंचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. जावेनं विचारलं, तर हात ठणकतोय म्हणून वेळ मारून नेत.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवले आणि त्यांची उंची मोजली. इस्पितळाच्या जुन्या कागदावरच्या उंचीपेक्षा ती चार सेंटीमीटरनं कमी भरली.

"तरीच!" जाऊ म्हणाली. "गेल्या वर्षी जाऊबाईंनी सुताराला बोलावून कापायच्या टेबलाचे पाय दोन बोटं कमी करून घेतले. टेबल उंच झालंय म्हणे."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मास्तरीणबाई मात्र रिपोर्टकडेच बघत होत्या.

"हाडात गाठबीठ नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाठ नाही. हाडं विरळ झालीत तुमची. पाठीचे मणके थोडे दबलेत, म्हणून उंची घटली. त्यावर औषध आहे, आणि हा हात पुन्हा कामाला लागेल."

मास्तरीणबाईंना एकदम रडू कोसळलं. हाड बसवताना हूं की चूं न केलेली बाई आता का रडते, हे जावेला कळेना. मग हुंदके देतच त्यांनी आईचं सगळं सांगितलं.

"चार दिवस हे एकटीनं पोटात ठेवलंत?" जाऊ म्हणाली. "मी काय नुसती मशीन मारायला आहे का घरात?"

बाहेर पडल्यावर त्या दोघी इस्पितळाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. मास्तरीणबाईंना कडकडून भूक लागली होती.

सहा आठवडे कात्री जावेच्या हातात आली. पहिल्याच सदऱ्याच्या तिनं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मास्तरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं त्या शेजारी स्टूल टाकून बसू लागल्या, डाव्या हातानं खडूच्या रेघा मारून देऊ लागल्या. जावेला हळूहळू कापड कळायला लागलं.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट बारीक झालं होतं आणि लाकडासारखं आखडलं होतं. रोज कोमट पाण्यात हात बुडवून त्या स्पंज पिळत. आठवड्यातून एक गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हा नियमही त्यांनी निमूटपणे पाळला. सकाळी जाऊ त्यांना चालायला नेई.

तिसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं कोटाचं जाड कापड आलं. जावेनं कात्री पुढं केली. मास्तरीणबाईंनी बाहीच्या गोलाईपर्यंत कापत नेलं. मनगट दमलं, पण दुखलं नाही.

"उरलेलं तू काप," त्या म्हणाल्या आणि आरामात स्टुलावर टेकल्या.