नाळेच्या रक्ताची पेटी

माझा हात हलका आहे, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कुणी सांगेल म्हणून थांबले असते तर म्हातारी झाले असते. पांढुर्ण्यात इतकी वर्षं नर्स आहे. लेकराची शीर सापडेना की मलाच हाक येते. पण ज्या सुईचा मला खरा गर्व आहे, ती वहिनीच्या बाळंतपणातली.

दादाच्या मुलीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी नागपूरला नेऊन रक्त चढवायचं. वहिनीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी झाली. त्याला आजार नव्हता आणि त्याच्या पेशी बहिणीशी जुळत होत्या. त्याच्या नाळेत उरणारं रक्त मिळालं, तर त्या पेशी तिच्या हाडांत नवं, निरोगी रक्त तयार करतील, असं डॉक्टरांनी समजावलं. बाळंतपण नागपूरलाच ठरलं होतं. पण कळा तीन आठवडे आधीच, भर मे महिन्यात सुरू झाल्या. नशीब, नाळेचं रक्त गोळा करायची पिशवी आणि ती न्यायची थर्माकोलची पेटी नागपूरहून आणून घरी ठेवलेली होती, आणि मी सगळं शिकून आले होते.

आमच्याच दवाखान्यात बाळ रडलं, नाळ कापली. रक्त गोठायच्या आत काम उरकायचं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तूच घे." पहिल्याच टोचणीत नाळेची शीर लागली. पिशवी खाली धरून हळूहळू हलवत राहिले, ती भरत गेली.

बाहेर आले तर दादा पेटीत बर्फ भरत होता.

"काय करून राहिला रे?"

"ऊन पाह्य नं बाहेर! खराब होईन नं ते."

"कुल्फी आहे का ते? बर्फानं पेशी मरतीन! काढ सारा!"

दादा रडकुंडीला आला. मी जरा जास्तच ओरडले, पण त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. बाबांनी पेटी रिकामी करून पुसली. त्यांचा जन्म संत्र्याच्या पेट्या भरण्यात गेलेला. त्यांनी मोठ्या खोक्यात वाळलं गवत अंथरलं, पिशवी ठेवलेली पेटी त्यात बसवली आणि चारी बाजूंनी गवत दाबलं. "आता नाही लागत ऊन," म्हणाले. नागपूरपर्यंत खोकं त्यांच्या मांडीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला. रक्त पुरेसं होतं, पेशी जिवंत होत्या. बाबा अख्ख्या मोहल्ल्यात सांगत सुटले, जणू पेशी त्यांच्याच बागेत पिकल्या होत्या.

पुढे जड औषधांनी तिच्या हाडांतल्या जुन्या पेशी मारून भावाच्या पेशी चढवल्या, तेव्हा पोरीनं दवाखान्यात फार सोसलं. केस गेले, ताप हटेना. तेव्हा माझीही हिंमत खचली होती. पण रक्त चढवणं कमी होत होत एकदाचं बंद झालं.

परवा शाळेचा फॉर्म भरताना दादानं सवयीनं तिचा जुनाच रक्तगट लिहिला. तिनं फॉर्म ओढून तो खोडला आणि भावाचा लिहिला. बरोबरच होतं, रक्त बनवणाऱ्या पेशी त्याच्या, म्हणून गटही त्याचाच.

"पप्पा, माह्या अंगात आता याचं रक्त आहे," ती म्हणाली. मग भावाकडे वळून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, "अन् तू माह्या पेन्सिली तोडून राहिला!"