ज्या बाईचा ठिपका मी खोडला

चूक माझी होती, आणि ती नजरचुकीने झालेली नव्हती. मी समजून-उमजून एका बाईचं नाव खोडलं.

अल्लीपूरच्या पुढच्या एका गावात आमच्या संस्थेने पाहणी केली. प्रश्न साधा होता: कपाशीवर अळी दिसली की तुम्ही आधी कोणाला विचारता? प्रत्येक माणूस एक ठिपका. विचारणाऱ्यापासून ज्याला विचारलं त्याच्यापर्यंत एक रेघ. असं गावाचं जाळं काढायचं आणि ज्यांच्याकडे जास्त रेघा जातात त्यांना गावाचे प्रशिक्षक नेमायचं. जाळं काढणं माझं काम.

सात शेतकऱ्यांनी एकाच बाईचं नाव सांगितलं होतं. बौद्ध वस्तीतली, वेचणीला बायांची टोळी नेणारी. आज या वावरात, उद्या त्या. त्यामुळे कोणाच्या बोंडात अळी आहे हे तिला मालकाआधी कळायचं. पण तिच्या नावावर सातबारा नव्हता. यादी शेतकऱ्यांची, म्हणून मी तिला काढलं. तिचा ठिपका जाताच जाळं मधोमध तुटलं: इकडे वस्ती, तिकडे गाव. मला त्याचं नवलही वाटलं नाही. उलट, हे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, असं मी अहवालात लिहिलं. ज्याची आई जन्मभर वेचणीला गेली, त्या मीच हे लिहिलं.

पुढच्या खेपेला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिने मला अडवलं. सोबत टोळीतल्या बाया होत्या.

"भाऊ, लोकं सांगून राह्यले का आमी तुवं नाव देलं. मंग यादीत काऊन नाई?"

"तुमच्या नावावर शेती नाही ना, ताई."

"मंग अळी काय सातबारा पाहून येते?"

"साहेबानं अळी फोटूतच पाह्यली असन," मागून एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पिपरी मेघेला घरी येऊन मी तिचा ठिपका परत टाकला. दोन्ही तुकडे जुळले. तिच्याकडे सर्वांत जास्त रेघा नव्हत्या. पण जिला काढलं की गाव तुटतं, अशी ती एकटीच होती. आम्ही रेघा मोजत बसलो होतो. पूल कोण आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

वर्ध्याच्या बैठकीत मी हे मांडलं. संस्थेचे साहेब म्हणाले, "यादी मंजूर झाली आहे. आणि जाळं तर तूच काढलंस."

"हो. चुकीचं काढलं."

"एका मजूर बाईसाठी अख्खा अहवाल बदलायचा?"

"बदलायचा. नाहीतर त्यावरचं माझं नाव काढा. नावं खोडणं मला चांगलं जमतं, माझंही मीच खोडतो."

त्या अहवालावर मी अजून सही केलेली नाही. ती प्रशिक्षक होईपर्यंत करणारही नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

बैठकीनंतरच्या रविवारी मी गावात गेलो. वस्तीतले आणि गावातले, दोन्हीकडचे लोक ओट्यावर बोलावले, नवं जाळं भिंतीवर लावलं. मग ऑफिसातली भाषा सोडून आईच्या भाषेत, सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "ताई, लोकायनं तुमचं नाव देलं होतं. मीच खोडलं. तुमी लोकं एकमेकाशी बोलत नाई असं लिवलं, तेही खोटं होतं. मले माफ करा."