राबाच्या दोन रांगा

पोशेऱ्याच्या जिव्याकाकांना वाकडं काही बघवत नसे. मुंबईच्या विमानतळावर धावपट्टीच्या कडेचं गवत कापण्यात त्यांची बारा वर्षं गेली. ही खोड तिथलीच. भाताचं रोप टाकायच्या आधी आम्ही पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजतो, त्याला राब म्हणतात. तो जमेल तिथे, जमेल तसा. काकांनी मात्र माळावर दोरी लावून राबाच्या दोन लांबलचक रांगा घातल्या होत्या. तुळशीकाकी म्हणायच्या, भाताला काय रेघा कळतात? मी गावचा मास्तर, पण चेष्टेत मीही मागे नव्हतो.

वारा पडल्यावर काकांनी राब पेटवला. अंधार झाला तेव्हा दोन्ही रांगा लाल धुमसत होत्या, आणि काका मला त्या कौतुकाने दाखवत होते. तेवढ्यात एक छोटं विमान आलं. विमानं रोजच जातात, पण फार उंचावरून. याने माळावर एक घिरटी घातली, मग दुसरी, आणखी खालून.

"गुरुजी, तो वाट चुकलाय," काका म्हणाले. "माझ्या राबाला धावपट्टीचे दिवे समजून उतराया येतोय."

माळाच्या टोकाला दरी. विझवायला पाणी नाही. विहिरीने तर होळीलाच तळ गाठलेला. काका क्षणभर डोकं धरून बसले आणि एकदम उठले. धावपट्टी बंद असली की तिच्यावर मोठी फुली मांडतात, ते काम त्यांनी कैकदा केलं होतं. गुरांसाठी राखलेल्या गवताच्या गंजीकडे ते धावले. आवाज ऐकून घरातून आलेल्या काकींनीच पहिला भारा उचलला. दोन रांगांच्या मधे आम्ही भाऱ्यांची फुली घातली आणि पेटवली.

विमानाचा दिवा सरळ आमच्यावर येत होता. मी पळालो, खोटं कशाला बोलू? काका फुलीपाशी उभं राहून टॉवेल हलवत राहिले. शेवटी इंजिन गरजलं, विमान त्यांच्या डोक्यावरून वर चढलं आणि खोडाळ्याच्या अंगाला दिसेनासं झालं.

पुढे ते कुठे उतरलं, उतरलं की नाही, कोणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काका रोज शाळेत येऊ लागले. "काय छापून आलाय का, गुरुजी?" मी पेपराचा कोपरान् कोपरा वाचायचो. काही नाही, म्हणजे सुखरूप पोचला असणार, असं मी सांगायचो. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

यंदा राब भाजायला त्यांनी दोरी काढलीच नाही. एक तुकडा इथे, एक पार तिकडे बांधाखाली. मी चेष्टा केली नाही. काकांनी काडी ओढली आणि वर कुठेतरी विमानाचा आवाज आला. त्यांनी काडी विझवली आणि आवाज पार विरेपर्यंत पेटी मुठीत धरून ते तसेच उभे राहिले.