ब्रायोनिया मला येतं!

मंडळी, आज लय आनंद झाला, आणि तेवढाच संताप पण आला बघा.

धाकट्या लेकाची पोर सांगलीला होमिओपॅथी शिकतीय. सुट्टीला आलीय, वाळलीय लय, ते असू दे. सकाळी औषधांची लक्षणं घोकत होती, मी शेजारी शेंगा फोडत होते. "हललं की दुखणं वाढतं, तांब्या-तांब्यानं पाणी पितो..." इथं औषधाच्या नावाला ती अडली.

मी म्हटलं, "ब्रायोनिया!"

"आजी! तू कुठं शिकलीस?"

आगं, माहेरी कुंडलला, स्वातंत्र्याच्या आधी. माझे वडील गावाला हीच होमिओपॅथीची औषधं द्यायचे. थोरल्या भावाला सोप्यात बसवून शिकवायचे, मी बाजूला ज्वारी निवडायची. एकदा तो अडला, तवा मी उत्तर दिलं. वाटलं, शाबासकी मिळंल. वडील आईला म्हणाले, "हिचे कान लय लांब झालेत. उद्यापासनं शिकवायच्या वेळी हिला गोठ्यात धाड."

भाऊ पुढं पलटणीत गेला. मी माहेरी गेले की वडील माझ्यासमोरच म्हणायचे, "माझी विद्या घ्यायला घरात कुणीच न्हाई." मी त्यांना भाकरी वाढत असायची.

नात म्हणाली, "आजी, परीक्षेला तूच बस की!" हसलो दोघी. पण वडिलांना मी एकदाही म्हटलं न्हाई, "आवं दादा, मी हाय की!"

तुमच्यातल्या कुणी आपल्या वडलांना असं म्हटलं होतं का?