पहिला घाणा आणि उघडी पाठ

मी बायकांची चित्रं काढते. जुन्या कॅलेंडरांवर असायच्या तशा, मान वळवून बघणाऱ्या, भरल्या अंगाच्या. पिन-अप म्हणतात त्याला. इंटरनेटवरच्या माझ्या चाहत्यांना हे माहीत होतं, बोरीवलीच्या घरात माझ्याबरोबर राहणाऱ्या आईला नव्हतं. मी शाळेच्या पुस्तकांत आंबे आणि बदकं काढते अशी तिची समजूत होती. ती मोडायची माझी हिंमत नव्हती. बदकांचं ती सगळीकडे कौतुक सांगायची.

त्या दिवाळीत मी चकल्या तळणारी बाई काढली. नऊवारी, पाठ पूर्ण उघडी, आडवी एक नाडी तेवढी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातली चकली ओठांत. त्या पाठीवर मी आठवडाभर राबले होते. चित्र टाकलं आणि कोणीतरी "काय धाडस!" म्हणेल म्हणून फोन धरून बसले.

पहिली प्रतिक्रिया आली : "ताई, नैवेद्य दाखवला का?"

मला काही कळेना. मग दुसऱ्याने चित्र मोठं करून पुरावाच दिला. ताट रिकामं, चकल्या अजून कढईत, म्हणजे हा पहिलाच घाणा. देवाला ठेवायच्या आधी बाई खातेय! झालं, दोन पक्ष पडले. "मीठ बघतेय रे ती, एवढं चालतं." "मीठ बघायला अख्खी चकली लागते का यार?" एकाने तिच्यामागे देवघर काढून दिलं. एकाने चकली पुसून तिचे हात जोडले. एका काकूंनी तेल उडेल म्हणून तिला स्वेटर चढवला, आणि पाठीची दखल घेतली ती एवढीच. मला हसू येत होतं आणि संतापही होत होता. एवढी पाठ काढली, ती कोणाच्या बापाला दिसली नाही!

फिरत फिरत चित्र आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचलं. आई चष्मा लावून तणतणत आली.

"ह्या बघ. पयलो घाणो देवाक ठेवल्यान नाय आणि खाता कशी बघ सटवी!"

"हो ना, काय बाई तरी!" मी म्हणाले. स्वतःच्याच चित्राविरुद्ध मी मत दिलं.

नैवेद्याची वाटी कुठे कोपऱ्यात दिसते का, हे बघायला आईने दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि थांबली. आमच्या ओट्यामागची एक टाईल फुटली आहे. तडा झाकायला आम्ही तिच्यावर कोंबड्याचं स्टिकर चिकटवलंय. मी बाईच्या मागे स्वयंपाकघर आमचंच काढलं होतं, कोंबड्यासकट. आईने चित्रातला कोंबडा बघितला, मग भिंतीवरचा, मग मला.

"ह्या तू काढलंस?"

"हो."

या वयात आईला घाबरायचं म्हणजे हसण्यासारखंच, पण घाबरले. आता रडारड होणार, मंडळात तोंड कसं दाखवू म्हणणार, बोलणं टाकणार, असं सगळं डोळ्यांपुढे आलं.

आई बराच वेळ बघत राहिली. देवाचं नाव तिने काढलं नाही. त्या पाठीवरून तिने बोट फिरवलं, तेव्हा चित्र सरकलं, ते परत जागेवर आणलं.

"पाठ बरी काढलंस गो," ती म्हणाली. मग फोनकडेच बघत, "माझ्याकडे असा कोणी कधी बघूक नाय."

माझे बाबा चांगले होते. पण ती म्हणाली ते खरंच असणार.

ती उठली. दाराला कडी घातली. समोरच्या बिल्डिंगमधून दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला. मॅक्सीवरची ओढणी काढून खुर्चीवर टाकली, ओट्याला टेकून उभी राहिली, कमरेवर हात ठेवला. दुखरा गुडघा जरा पुढे काढला आणि मान वळवली.

"काढ," ती म्हणाली. "आणि माका हसवू नको."