कोजागिरीची ओहोटी

दुपारचे बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि समुद्र जागचा हलायला तयार नव्हता.

किनाऱ्यावर आम्ही सोळा जण उभे. चौदा विद्यार्थी, बोटवाला आणि मी. सगळ्यांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात मोजायची टेप. छापील तक्त्याप्रमाणे ओहोटी आत्ता, या मिनिटाला, पूर्ण झाली होती. आणि जो दगडी बांध उघडा पडायला हवा होता, त्याच्यावर पुरुषभर पाणी होतं. एक सील डोकं वर काढून आमच्याकडे बघत होता. त्याला आमचे बूट आवडले असावेत.

"काकू," तन्वी हळूच म्हणाली, "कोकणातपण ओहोटी अशीच असते का?"

तन्वी नाशिकची. आमच्याकडे मास्टर्स करते. मला ऑफिसात 'वैशाली' म्हणते आणि मी गोत्यात आले की 'काकू'.

मी काय काम करते ते आधी सांगते. व्हँकुव्हरजवळच्या एका विद्यापीठात मी फील्ड कोऑर्डिनेटर आहे. प्रोफेसर शिकवतात. बोट, व्हॅन, बूट, डबे आणि परवानग्या मी बघते. आमचे नागपूरकर यजमान संजय मला 'सहल काढणारी बाई' म्हणतात. एकवीस वर्षं झाली, अजून त्यांना नवीन नाव सुचलेलं नाही.

आमच्या कोर्समध्ये तीन विषय एकत्र आहेत. किनाऱ्यावरचं जीवन, नैसर्गिक संपत्ती सांभाळायची कशी, आणि रिकन्सिलिएशन. हा तिसरा शब्द कॅनडात रोज कानावर पडतो. म्हणजे समेट. इथल्या मूळ रहिवाशांच्या, फर्स्ट नेशन्सच्या, जमिनी गेल्या, किनारे गेले, मुलं घरातून उचलून बोर्डिंग शाळांत नेली. आता विद्यापीठं म्हणतात, झालं ते कबूल करू आणि इथून पुढे त्यांना विचारून काम करू. यातला 'विचारून' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या लेक्चरची स्लाइड मीच बनवली आहे. 'आधी विचारा. मग ठरवा.' अक्षरं मोठी, निळी. मागे सूर्यास्ताचा फोटो.

ही स्लाइड लक्षात ठेवा.

आता बांधाचं. ओहोटीचं पाणी जिथवर मागे जातं, अगदी त्या खालच्या रेषेवर इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी दगड रचून ठेवलेत. भाताच्या खाचराला असतो ना बांध, तसाच. बांधाच्या मागे वाळू साचते, उतार सपाट होतो आणि त्या सपाटीत क्लॅम्स, म्हणजे आपल्या खायच्या शिंपल्या, तिसऱ्या, भरपूर होतात. याला क्लॅम गार्डन म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ही तर समुद्रातली शेती. मध्यंतरी बरीच वर्षं कुणी दुरुस्ती केली नाही, दगड ढासळले. ते परत रचायला एका फर्स्ट नेशननं आमच्या मुलांना येऊ दिलं होतं. करार एका वर्षाचा. पुढे पाच वर्षं द्यायची की नाही, हे त्यांची कौन्सिल दोन आठवड्यांनी ठरवणार होती. तन्वीचा थीसिस याच बांधामागच्या तिसऱ्या मोजायचा. करार गेला की तिचा थीसिसही गेला. आणि कौन्सिलला रिपोर्ट देणार होत्या आंटी डोरीन.

इथे मोठ्या बाईला सगळे आंटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. तो किनारा सांभाळायचं काम त्यांच्या घराण्याकडे. आम्ही पोचलो तेव्हा त्या आधीच घडीच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. हातात थर्मास. डोक्यावर लोकरीची टोपी. पंधरा मिनिटं त्या आमच्याकडे बघत होत्या, सीलसारख्याच, पण जास्त शांतपणे.

माझ्याकडून हे कसं झालं, तेही सांगून टाकते.

सप्टेंबरमध्ये मीटिंग होती. आमचे प्रोफेसर ग्रॅहम म्हणाले, "वैशाली, बांधाच्या कामासाठी खोल ओहोटीचा दिवस हवा. टाइड कुणीतरी नीट बघायला पाहिजे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"ग्रॅहम, मी वेंगुर्ल्याची आहे," मी म्हटलं. "टाइड मला कुणी शिकवायची गरज नाही."

ग्रॅहम प्रेअरीतले, समुद्रापासून लांबच्या मैदानी भागातले. त्यांनी लहानपणी फक्त गहू पाहिला. त्यांनी आदरानं मान हलवली, आणि मी आणखी फुगले.

माझे बाबा वेंगुर्ल्याला गणिताचे मास्तर. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे दोन दिवस उधाण. भरती मोठी, म्हणून ओहोटीही मोठी. मी घरी आले, स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर उघडलं. कोजागिरी ऑक्टोबरअखेरीस. तिच्या पुढची द्वितीया कामाच्या दिवशी. झालं, ठरली तारीख. वेळेसाठी मात्र मी इमानदारीत इथला सरकारी तक्ता पाहिला. त्यात दोन रकाने असतात. एक वेळेचा, एक पाण्याच्या उंचीचा. मी वेळेचा वाचला. उधाणात ओहोटी खोलच असते, तिची उंची काय बघायची?

मग बोट बुक केली, व्हॅन बुक केली, आणि सगळ्यांना कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं. आंटींनापण. आंटींनी ॲक्सेप्ट केलं. मी त्यापुढे हिरवी खूण केली: 'कम्युनिटी कन्सल्टेशन पूर्ण', म्हणजे तिथल्या लोकांना विचारून झालं.

आता किनाऱ्यावर परत.

मी आंटींजवळ गेले. बूट चुबूक चुबूक वाजत होते.

"कशाची वाट बघताय?" त्यांनी विचारलं.

"ओहोटीची."

"येईल की."

"कधी?"

"रात्री साडेअकराला. चांगली खोल येईल. कंदील आणलेत?"

मागे कुणीतरी हसलं. तन्वी नव्हती. ती हसण्याच्या पलीकडे गेली होती.

त्या किनाऱ्याची रीत अशी की दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल, एक नावापुरती. उन्हाळ्यात खोल ओहोटी दिवसा येते, हिवाळ्याकडे ती रात्रीत सरकते. कोजागिरी काय आणि आणखी काय, ऑक्टोबरच्या दुपारी हा बांध उघडा पडतच नाही. हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी बहात्तर वर्षं इथे राहते. थोडंफार माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू इन्व्हाइट पाठवलंस. नातीनं फोनवर दाखवलं. खाली तीन बटणं होती. येणार, नाही येणार, कदाचित येणार." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "'दिवस चुकलाय' असं बटण नव्हतं. बोलावणं आलंय तर जावं, म्हणून मी 'येणार' दाबलं. आले."

मला ती स्लाइड आठवली. निळ्या अक्षरांसकट. सूर्यास्तासकट.

तेवढ्यात एक उंच विद्यार्थी मदतीला धावला. "आंटी, टाइड टेबलमध्येच चूक असेल. आमच्या वैशाली या बाबतीत एक्स्पर्ट आहेत."

दार उघडं होतं, मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. तक्ता चुकला, वारा उलटा होता, हवामान बदलतंय, काहीही चाललं असतं. रिपोर्टमध्ये 'तांत्रिक अडचण' लिहून आलं असतं आणि करार कदाचित वाचला असता. तन्वी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तीपण तेच म्हणते आहे, काकू, घ्या ना.

पण आंटीही बघत होत्या. आणि त्या चिडलेल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. आता हीपण इतरांसारखंच काहीतरी सांगेल, अशा सवयीनं त्या ऐकायला बसल्या होत्या.

"तक्ता बरोबर आहे," मी म्हटलं. "मी उंचीचा रकाना वाचला नाही. तारीख मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून काढली, आमच्याकडच्या पौर्णिमेच्या सणावरून. आणि तुम्हाला विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला येतं."

उंच विद्यार्थी आपल्या बुटांकडे बघायला लागला. सीलनंसुद्धा बुडी मारली.

आंटींनी चहा संपवला. झाकण झटकलं, थर्मासवर घट्ट बसवलं. या सगळ्याला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी मनातल्या मनात राजीनाम्याची दोन वाक्यं लिहिली.

"डब्यात काय आहे?" त्या म्हणाल्या.

"थालीपीठं. चाळीस."

"मग आधी जेवू."

जेवताना त्यांनी बाबांचा हिशोब नीट विचारून घेतला. पाऊणनं का गुणायचं? अष्टमीला काय होतं? मी काठीनं वाळूत चंद्र काढून दाखवले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्येच थालीपिठावर आपल्या बरणीतला स्मोक्ड साल्मन ठेवत होत्या. ही जोडी बाबांना बघवली नसती, पण लागते चांगली.

"तुझ्या वडिलांचं बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यांच्या समुद्रापुरतं. माझी आजी सांगायची, आमच्या रानातली साल्मनबेरी पिकली की दिवसा खणायला जायचं. ते या समुद्रापुरतं. तुझ्या गावी जाऊन मी बेरी शोधत बसले, तर तू हसशील की नाही?"

"हसेन."

"मी आतल्या आत पंधरा मिनिटं हसले," त्या म्हणाल्या. बाहेर काहीच दिसलं नव्हतं.

मग त्यांनी आम्हाला काम दिलं. किनाऱ्याकडे उतरणारी पायवाट काटेरी ब्लॅकबेरीनं गिळली होती आणि त्यांच्या गुडघ्यांना लांबचा रस्ता झेपत नव्हता. ही ब्लॅकबेरी इथली नाही. बाहेरून आली आणि मिळेल तिथे पसरली. नाव, हिमालयन ब्लॅकबेरी.

"नाव वाचून दचकू नकोस," आंटी मला म्हणाल्या. "तुला नाही उपटत."

बांधासाठी आणलेल्या पहारींनी आम्ही चार वाजेपर्यंत मुळं खणली. प्रत्येकाच्या हातावर ओरखडे. काम झाल्यावर आंटी त्या वाटेनं एकदा खाली गेल्या, एकदा वर आल्या, आणि खुर्ची उचलून घरी गेल्या.

मी घरी पोचले. संजय पोळ्या गरम करत होते. "काय म्हणून राहिला तुझा समुद्र?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. नागपूरच्या माणसाला समुद्रावरून हसायची संधी आयुष्यात एकदा मिळते. त्यांनी ती पूर्ण वापरली. लेक रेवा फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "मॉम, यू सेंट ॲन एल्डर अ कॅलेंडर इन्व्हाइट?" आणि परत फोनमध्ये गेली. त्या एका वाक्यात ग्रॅहम दुसऱ्या दिवशी जे अर्धा तास बोलले ते सगळं होतं.

पुढचे दोन आठवडे मी तन्वीची नजर चुकवून वॉशरूमला जात होते. तिनंच एकदा मला गाठलं. "काकू, मी दुसरा विषय शोधून ठेवलाय. गवतावरचा. टेन्शन नका घेऊ." हे ऐकून मला दुप्पट टेन्शन आलं. दीड वर्ष ही मुलगी तिसऱ्यांशिवाय दुसरं काही बोलली नव्हती.

कौन्सिलची बैठक झाली. आंटींचा रिपोर्ट ग्रॅहमनी मोठ्यानं वाचून दाखवला. पाच ओळींचा होता.

'ते चुकीच्या दिवशी आले. जिची चूक होती तिनं ती सगळ्यांसमोर सांगितली. पायवाट चांगली काढली. पाच वर्षं द्यावीत. तारीख मी सांगेन.'

ग्रॅहमनी कागद खाली ठेवला. "तुझ्या नावाचा उल्लेख आहे असं समजायला हरकत नाही," ते म्हणाले. तन्वी बाहेर गेली आणि कॉरिडॉरमधून तिनं नाशिकला आईला फोन लावलेला आम्हाला आत ऐकू आला.

जूनच्या सुरुवातीला माझा फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बेरी पिकली," आंटी म्हणाल्या. "चहाला ये. मग दिवस ठरवू." मी दोन तासांची फेरीबोट पकडून गेले, चहा प्यायले, तारीख ऐकून आले. त्या दिवशी सकाळी अकराला पाणी मागे मागे गेलं आणि बांध दगडा-दगडानं वर आला, जणू कुणी समुद्रावरची चादर ओढत होतं. तन्वी गुडघ्यावर बसून मोजत होती. वाळूत आखलेल्या पहिल्या चौकोनात सत्तावीस तिसऱ्या निघाल्या. ती एवढ्या जोरात ओरडली की आंटींनी टोपी कानांवर ओढली.

पहिल्या लेक्चरची स्लाइड मी बदलली आहे. अक्षरं तीच, निळी. मागचा सूर्यास्त काढून तिथे ऑक्टोबरमधला फोटो लावला आहे. चौदा मुलं, पायात बूट, हातात पहारी, आणि समोर काठोकाठ भरलेला समुद्र. मुलं दर वर्षी विचारतात, हे काय करतायत? मी सांगते, कन्सल्टेशन पूर्ण झाल्यानंतरचा फोटो आहे.

तक्त्यातला उंचीचा रकाना आता मी न चुकता वाचते. आंटींना फोन करून झाला की.